एक प्रार्थना, अनेक विधी : बेने इस्रायल समाजाच्या मराठी उपासना-वाङ्मयाचा चिकित्सक विचार

१. प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयात मराठी शिकविताना एक गोष्ट सहज लक्षात येते. वर्गातील विद्यार्थी लातूर, बीड, खानदेश, कोकण, विदर्भ तसेच उत्तर भारतातून आलेल्या कामगार कुटुंबांतील असतात. गणपती एकच, पण प्रत्येकाच्या घरच्या आरत्यांचा क्रम वेगळा, चाल वेगळी आणि नैवेद्यही वेगळा. आपल्या घरची रीत हीच मूळची, असे प्रत्येकाला मनापासून वाटत असते. अशा वर्गात फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, ख्रिस्ती लोकांचं मराठीत आहे, मुसलमान संतांचं आहे, मग ज्यू लोकांचं काहीच नाही का?” प्रस्तुत लेखिकेला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

ज्यू धर्माचा उल्लेख आपल्याकडे एकसंध धर्म म्हणून केला जातो. प्रत्यक्षात जगभरच्या ज्यू समाजांच्या प्रार्थनाविधीत लक्षणीय भेद आहेत, आणि या भेदांपैकी तीन-चार प्रवाह महाराष्ट्राच्या भूमीवर एकमेकांशेजारी नांदले आहेत. त्यांपैकी बेने इस्रायल हा समाज मराठी भाषक. त्याच्या विधीविषयी लिहिताना अभ्यासक बहुधा दोन ठरावीक भूमिका घेतात. पहिल्या भूमिकेनुसार हा समाज आपला धर्म विसरला होता आणि बाहेरच्या गुरूंनी तो त्याला परत शिकविला. दुसरीनुसार त्याचा आचार म्हणजे शेजारच्या हिंदू-मुस्लिम चालीरीतींची सरमिसळ आहे. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, हे दाखविणे आणि बेने इस्रायलांचे मराठी उपासना-वाङ्मय हा वाङ्मयीन समीक्षेचा विषय का ठरतो, याचे विवेचन करणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत.

२. विधिभेदाचे स्वरूप

ज्यू प्रार्थनेचा गाभा सर्वत्र समान आहे. ‘शेमा’ हा एकेश्वरत्वाचा उच्चार, उभ्याने म्हणावयाची ‘अमिदा’, तोराचे वाचन, दिवसातून तीन प्रार्थना आणि सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती म्हणजे ‘मिन्यान’, ही चौकट बहुतेक सर्व परंपरागत समाजांना मान्य आहे. भेद आहे तो या चौकटीच्या आत. शब्दांचा क्रम, प्रास्ताविक स्तोत्रे, मध्ये गुंफलेली काव्ये, चाली आणि उच्चार प्रदेशागणिक बदलतात. या भेदाला हिब्रूत ‘नुसाख’ व व्यापक अर्थाने ‘मिन्हाग’ म्हणजे रूढाचार असे म्हणतात.

नवव्या शतकात बॅबिलोनियातील आचार्य अमराम गाओन यांनी स्पेनमधील ज्यूंच्या विनंतीवरून प्रार्थनांचा क्रम लिहून पाठविला. दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी स्वतंत्र संहिता सिद्ध केली. म्हणजे लिखित प्रार्थनापुस्तकाची सुरुवातच एका समाजाने दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नातून झाली आहे. पुढे जर्मनी-पोलंडकडील अश्केनाझी, स्पेनमधून १४९२ मध्ये हद्दपार झालेल्यांचा सेफार्दी, येमेनी, इटालियन, बगदादी असे अनेक प्रवाह स्थिरावले. अश्केनाझी समाजात क्षमायाचनेच्या ‘सेलिखोत’ प्रार्थना नववर्षापूर्वी थोडे दिवस म्हणतात, तर सेफार्दी समाजात त्या एलुल महिनाभर चालतात. बगदादी परंपरेत तोराची गुंडाळी लाकडी किंवा धातूच्या उभ्या पेटीत ठेवून ती उभीच वाचतात, तर अश्केनाझी परंपरेत ती कापडी आच्छादन काढून मेजावर आडवी पसरतात. वल्हांडणाच्या सणात अश्केनाझी समाज तांदूळ वर्ज्य मानतो, अनेक सेफार्दी समाज मानत नाहीत. भाताच्या कोकणात हा शेवटचा भेद केवळ शास्त्रार्थापुरता राहत नाही, तो थेट स्वयंपाकघरात शिरतो.

हे भेद अधिकृततेच्या उतरंडीवर मांडता येत नाहीत. धर्मशास्त्राची परंपरादेखील आपल्या वाडवडिलांचा मिन्हाग सोडू नये, असेच सांगते. अडचण निर्माण होते ती वेगळ्या ठिकाणी. ज्या समाजाच्या वाडवडिलांकडे लिखित प्रार्थनापुस्तकच नव्हते, त्याने कोणता मिन्हाग आपला म्हणावा?

३. पुस्तकाआधीचा विधी

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी होत. त्यांनी कोकणातील गावोगाव वस्ती केली, तेलाच्या घाण्याचा व्यवसाय पत्करला आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनवार तेली’ हे नाव मिळविले. किहीमकर, राजपूरकर, दिवेकर, तळकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ नव्हते. होता तो शेमाचा एक उच्चार, आणि तो सुंता, विवाह, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी म्हटला जाई.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला बेने इस्रायलांचा इंग्रजी इतिहास या काळासाठी महत्त्वाचा आधार आहे. त्यात त्यांनी सणांची जुनी मराठी नावे नोंदविली आहेत. वर्षारंभाला ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’, त्याच्या दुसऱ्या दिवसाला ‘शिळा सण’, पुरीमला ‘होळीचा सण’, मंदिरविध्वंसाच्या शोकदिनाला ‘बिरड्याचा सण’, तर एलुल महिन्यातील उपवासांना ‘रमजान’ असे म्हणत. ‘खिरीचा सण’ही या यादीत आहे.

या नावांकडे ‘विस्मृती’ म्हणून पाहण्याची पद्धत आहे. हिब्रू नाव गेले, तेव्हा अर्थ गेला, असे तीत गृहीत धरलेले असते. नावांची घडण तपासली तर वेगळे चित्र दिसते. ‘दारफाळणी’ या नावात दिवसभर दार लावून आत राहण्याची कृती आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी व्यवहारापासून अलिप्त राहावयाचे, हा मूळ आशय त्यात टिकून आहे. ‘बिरड्याचा सण’ या नावात मोड आणून सोललेल्या वालांचे साधे जेवण आहे, आणि शोकाच्या दिवशी साधे अन्न घेणे हे अन्य ज्यू समाजांच्या आचाराशी सुसंगत आहे. ‘नव्याचा सण’ कोकणातील नव्या भाताशीही नाते सांगतो आणि नव्या वर्षाशीही. ही नावे पुस्तकाऐवजी पंचांग, दार आणि चूल यांच्या आधाराने विधी जपणाऱ्या समाजाची आहेत. शब्द गेल्यावर कृतीने अर्थ सांभाळला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

येथे किहीमकरांच्या एका युक्तिवादाची चिकित्सा करणे आवश्यक आहे. या समाजाला हनुक्का माहीत नव्हता, म्हणून त्याचे पूर्वज तो सण सुरू होण्यापूर्वी, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, मायभूमी सोडून निघाले असावेत, असे ते सुचवितात. समाजाचे प्राचीनत्व सिद्ध करण्याची त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे, कारण त्यांच्या हयातीत त्या प्राचीनत्वावर शंका घेतली जात होती. तथापि एखादा सण आढळत नाही, एवढ्यावरून स्थलांतराचा काळ ठरविता येत नाही. असलेला सण काळाच्या ओघात लोपही पावू शकतो. विशेष म्हणजे, हा युक्तिवाद विस्मृतीच्या सिद्धान्ताशीच विसंगत आहे. समाज पुष्कळ काही विसरला असे मानायचे, तर हनुक्काही विसरला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. किहीमकरांचे मोल त्यांच्या कालनिर्णयात नसून त्यांनी जपलेल्या मराठी शब्दांत आहे.

४. गुरू, पुस्तके आणि सेफार्दी वळण

लोकस्मृतीनुसार डेव्हिड राहाबी या प्रवासी विद्वानाने प्रथम या समाजाची ओळख पटविली आणि झिराड, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतील व्यक्तींना शिकवून ‘काजी’ नेमले. राहाबी नेमके कोण व केव्हाचे, याबाबत मतभेद आहेत. कोचीनमध्ये त्या नावाचे प्रतिष्ठित घराणे अठराव्या शतकात होते, एवढे निश्चित. विधी शिकविणाऱ्या माणसाला या समाजाने ‘काजी’ हे शेजारच्या मुस्लिम समाजातील नाव दिले, हे लक्षणीय आहे.

१७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत ‘शार हाराहमीम’ हे बेने इस्रायलांचे पहिले सभास्थान उभारले. समाजाच्या बोलीत सभास्थानाला ‘मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर या स्थानकाच्या नावाचा संबंध याच वास्तूशी जोडला जातो. १८२६ पासून कोचीनहून शिक्षक येऊ लागले. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यांतील प्रमुख. कोचीनच्या ज्यूंचा विधी सेफार्दी वळणाचा असला तरी त्यात स्थानिक काव्यांची भर होती, आणि त्यांची प्रार्थनापुस्तके अठराव्या शतकात ॲम्स्टरडॅम येथे छापली गेली होती. पुढे १८३२ मध्ये डेव्हिड ससून मुंबईत आले आणि बगदादी व्यापाऱ्यांचा समाज स्थिरावला. त्यांच्या हाती इटलीतील लिव्होर्नो येथे छापलेली पुस्तके होती, तर विधीविषयक शंका बगदादला विचारल्या जात. याच वर्षी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले.

याचा अर्थ असा की, बेने इस्रायलांचा आजचा सेफार्दी विधी हा स्पेनमधून आलेल्या पूर्वजांचा वारसा नाही. शिक्षक कोठून आला आणि पुस्तक कोठे छापले गेले, यावरून तो ठरला आहे. म्हणून तो खोटा ठरतो का? मुळीच नाही. अमराम गाओनचे पत्र स्पेनला ज्या रीतीने पोहोचले, त्याच रीतीने कोचीनचा शिक्षक मुंबईला पोहोचला. एका समाजाच्या बाबतीत ज्याला आपण ‘परंपरेचे संक्रमण’ म्हणतो, त्यालाच दुसऱ्याच्या बाबतीत ‘उसनवारी’ म्हणणे हे समीक्षेला शोभणारे नाही.

५. पुणे हग्गादा : एका ग्रंथाचे वाचन

विधी स्वीकारल्यानंतर या समाजाने त्याचे काय केले, हे पाहण्यासाठी हग्गादा हे उत्तम साधन आहे. वल्हांडणाच्या रात्री घरातील जेवणाच्या पंगतीत वाचावयाचा हा ग्रंथ. मिसरातील दास्यातून झालेल्या मुक्ततेची कथा मुलांना सांगणे, हा त्याचा हेतू. मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारे उत्तर देतात, अशी त्याची रचना आहे. साहजिकच ज्या भाषेत मूल प्रश्न विचारते, ती भाषा या ग्रंथात यावी लागते. मराठी अनुवादासह हग्गादा मुंबईत १८४६ मध्येच निघाली होती. १८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर यांची सचित्र हग्गादा छापली गेली. ‘पुणे हग्गादा’ या नावाने ती अभ्यासकांना परिचित आहे.

या ग्रंथाचे तीन विशेष नमूद करावेसे वाटतात. पहिला विशेष लिपीचा. बगदादी ज्यू आपली अरबी भाषा हिब्रू अक्षरांत लिहीत, त्यामुळे त्यांचे वाङ्मय शेजाऱ्याला वाचता येत नसे. बेने इस्रायलांनी मराठी देवनागरीतच लिहिली. उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू आणि डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी या ग्रंथात एकत्र नांदतात. एका ब्राह्मण मुद्रकाच्या छापखान्यात ज्यू उपासनाग्रंथ निघू शकला आणि त्यातील अर्ध्या मजकुराचा अर्थ तेथील कामगारालाही लागू शकला, ही त्या काळच्या पुण्याच्या मुद्रणसंस्कृतीची नोंद घेण्याजोगी बाब आहे.

दुसरा विशेष चित्रांचा. ग्रंथातील बहुतेक चित्रे युरोपीय छापील हग्गादांच्या वळणाची आहेत. परंतु बेखमीर भाकर तयार करण्याच्या चित्रांत लुगडे नेसलेल्या स्त्रिया आपल्याकडील पद्धतीने जमिनीवर बसून काम करताना दिसतात. मिसर देशाचे दृश्य परक्या चित्रकाराकडून घेतले, पण स्वयंपाकघर आपले ठेवले. जे पाहिले नाही ते परंपरेकडून घ्यावे आणि जे रोज करतो ते आपल्या डोळ्यांनी दाखवावे, ही भूमिका कोणत्याही चांगल्या अनुवादकाची असते. चित्रांच्या बाबतीत या ग्रंथाने ती सांभाळली आहे.

तिसरा विशेष भाषेच्या पेचाचा. एकोणिसाव्या शतकात ज्यू विधी मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे धार्मिक मराठीचे तीन साचे उपलब्ध होते. पहिला बायबलच्या मिशनरी अनुवादांचा. वल्हांडण, बेखमीर, याजक हे शब्द आपल्या सर्वांच्या कानी याच मार्गाने पडले आहेत. दुसरा शास्त्री-पंडितांच्या संस्कृतप्रचुर गद्याचा आणि तिसरा संत व कीर्तनकारांच्या वाणीचा. मिशनऱ्यांचा शब्द घ्यावा, तर त्यामागील ख्रिस्ती अर्थ सोबत येण्याचे भय. पंडिती शब्द घ्यावा, तर त्याला मूर्तिपूजेचा गंध. या दोहोंतून वाट काढत जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी ज्यू प्रार्थनाविधीचे मराठी अनुवाद केले. मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या धर्मादाय संस्थेच्या शाळेचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही. मराठी गद्याच्या घडणीत अनुवादाचा वाटा किती, याची चर्चा आपण वर्षानुवर्षे करीत आहोत. तीत बाबा पदमनजी येतात, राजपूरकर येत नाहीत. त्यांचा अनुवाद श्रेष्ठ की सामान्य, हा पुढचा प्रश्न आहे. तो तपासलाच गेला नाही, ही खरी उणीव आहे.

६. कीर्तन आणि मलिदा

सभास्थानातील आवश्यक प्रार्थना हिब्रूतच राहिली. तिच्याभोवती मात्र मराठीचे एक वर्तुळ तयार झाले. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी नारदीय कीर्तनाचा आकृतिबंध स्वीकारला. पूर्वरंग-उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या या परिचित साधनांतून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने सांगितली जाऊ लागली. देहू आणि आळंदी ज्यांच्या अंगणात आहेत, त्या आमच्या परिसरातील वाचकाला हे नवलाचे वाटू नये. कीर्तन हे मराठी माणसाचे धर्म शिकण्याचे विद्यापीठच होते. ज्या समाजातील अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, हिब्रू वाचता येत नव्हते, त्यांना तोराची कथा कीर्तनातून कळली. कोचीनच्या ज्यू स्त्रियांनी मलयाळम गीते वह्यांत उतरवून ठेवून हेच कार्य आपल्या पद्धतीने केले.

मलिद्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. गोड केलेले पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलिया यांच्या स्मरणाने केला जाणारा हा विधी विवाहापूर्वी, संकटनिवारणानंतर किंवा नवस फेडताना होतो. अलिबागजवळच्या सागाव-खंडाळा येथील खडकावर एलियाच्या रथाच्या चाकाची खूण असल्याची श्रद्धा आहे. ‘मलिदा’ हा शब्द दर्ग्यांच्या परिसरातून आलेला, पदार्थ कोकणातले, आणि या वेळी गायिले जाणारे एलियाचे हिब्रू गीत सेफार्दी परंपरेत शब्बाथ संपतानाच्या उपासनेतले.

संमिश्रतेचा सिद्धान्त येथे थांबतो आणि ‘पाहा, सरमिसळ’ असे म्हणतो. परंतु सरमिसळीला नियम नसतो, मलिद्याला आहे. फळांवरचे, धान्यावरचे आशीर्वचन ज्यू धर्मशास्त्राच्या क्रमानेच म्हटले जाते. ताट कोणत्याही प्रतिमेपुढे ठेवले जात नाही. एलिया हा तर सर्वच ज्यू विधींत घरी येणारा पाहुणा आहे. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी आसन ठेवतात, अनेक घरांत वल्हांडणाच्या रात्री प्याला भरतात. कोकणाने त्याच्यासाठी पोह्यांचे ताट मांडले, इतकेच. म्हणून मलिदा हा ज्यू विधीला लागलेला डाग नसून त्याचा कोकणी नुसाख आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

७. भिंत : विधिभेदाचे सामाजिक रूप

विधिभेद ही केवळ ग्रंथांतील बाब असती, तर हा विषय इतका महत्त्वाचा ठरला नसता. १८३६ मध्ये मुंबईतील बगदादी ज्यूंनी दफनभूमीत आपल्या व बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालण्याची मागणी सरकारकडे केली. पुढील काळात बगदादी सभास्थानांत बेने इस्रायलांना मिन्यानमध्ये धरावे की नाही, तोरावाचनासाठी बोलवावे की नाही, यावर वाद होत राहिले. १९३० च्या दशकात रंगून येथील सभास्थानाच्या कारभारातील हक्कांचा तंटा न्यायालयापर्यंत गेला. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकारंभी मुख्य रब्बींच्या निर्देशांमुळे बेने इस्रायलांना अन्य ज्यूंशी विवाह करताना वंशाची चौकशी सोसावी लागली. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांचे पूर्ण ज्यूत्व मान्य करण्यात आले.

या आक्षेपांचा वरवरचा आधार विवाह व घटस्फोट यांच्या धर्मशास्त्रीय विधींचा होता. ज्यांना शास्त्रोक्त घटस्फोटपत्राची रीत ठाऊक नव्हती, त्यांच्या वंशशुद्धीची खात्री कशी द्यावी, असा तो युक्तिवाद. त्यामागे वर्ण आणि वसाहतकालीन प्रतिष्ठेचे राजकारण होते, हे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. या दोन्ही बाबी मान्य करूनही एक तिसरी बाब उरते. ‘आमचा विधी म्हणजे धर्म आणि तुमचा विधी म्हणजे केवळ रूढी’ हे वर्गीकरणच मुळात सदोष आहे. बगदादी आचारही बगदादच्या भूमीत, अरबी भाषेत आणि लिव्होर्नोच्या छापखान्यात घडलेला होता. फरक एवढाच की त्याच्याजवळ पुस्तक होते, आणि ज्याच्याजवळ पुस्तक असते त्याची रूढी शास्त्र ठरते. जातिव्यवस्थेच्या इतिहासाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा न्याय अनोळखी नाही.

पुणे शहरात या भेदाची दोन स्मारके उभी आहेत. लष्कर भागातील लाल विटांचे ‘ओहेल डेव्हिड’, म्हणजे पुणेकरांचे ‘लाल देऊळ’, हे ससून घराण्याच्या वैभवाचे प्रतीक १८६७ मध्ये पूर्ण झाले. डेव्हिड ससून यांची कबर त्याच्याच आवारात आहे. रास्ता पेठेतील ‘सुक्कथ शेलोमो’ हे बेने इस्रायलांचे साधे सभास्थान १९२१ चे. दोहोंतील अंतर पायी जाण्याइतके आहे आणि दोन्ही ठिकाणचा विधी ढोबळमानाने सेफार्दीच. म्हणजे दोन सभास्थाने लागली ती प्रार्थना निराळी होती म्हणून नव्हे. प्रार्थना करणारे एकमेकांना सारखे वाटत नव्हते.

८. विसाव्या शतकातील नवे प्रवाह

१९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ची स्थापना झाली. इंग्लंडमधील उदारमतवादी ज्यू चळवळीची प्रेरणा त्यामागे होती. समजणाऱ्या भाषेतील प्रार्थना, स्त्री-पुरुषांनी एकत्र बसणे आणि विधीपेक्षा नीतीवर भर, ही त्याची वैशिष्ट्ये. तिचे सभास्थान ‘रोदेफ शालोम’ या नावाने ओळखले गेले. एका मराठी ज्यू स्त्रीने विधीत केलेला हा हस्तक्षेप महाराष्ट्राच्या सुधारणापरंपरेत नोंदविला जावयास हवा. दिल्लीतील १९५६ च्या ‘ज्युडा हयाम’ सभास्थानाने तर निरनिराळ्या विधींच्या ज्यूंना एकाच छताखाली आणले. राजधानीत संख्या इतकी अल्प की भिंत घालणे परवडणारेच नव्हते.

यानंतरचा प्रवाह हसिदी खबाद पंथाचा. मुंबईतील नरिमन हाऊसवर नोव्हेंबर २००८ मध्ये झालेल्या दहशतवादी हल्ल्याने हे केंद्र जगाला ज्ञात झाले. पूर्व युरोपात घडलेला हा विधी मुख्यतः परदेशी प्रवासी व व्यावसायिकांसाठी येथे आला. परिणाम असा झाला की, आज सर्वसामान्य मराठी माणसाच्या मनातील ज्यू म्हणजे काळा कोट आणि काळी टोपी. कोकणातला तेलाचा घाणा आणि पोह्यांचे ताट त्या चित्रात कोठेच नाही. हा दोष त्या पंथाचा नसून आपल्या स्मरणशक्तीचा आहे.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये ती संख्या साडेचार हजारांच्या घरात आली. त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात आहेत. २०१६ मध्ये राज्य शासनाने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. बगदादी कुटुंबे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि त्यांनी उभारलेल्या भव्य सभास्थानांत दहाचा मिन्यान भरतो, तो बहुतांशी बेने इस्रायलांच्या उपस्थितीमुळे. ज्यांना एकेकाळी दहांत धरले जात नव्हते, त्यांच्यामुळेच आज दहा पूर्ण होतात. दुसरीकडे, इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांनी मलिदा सोबत नेला, आणि नोआ मस्सील यांच्या संपादकत्वाखाली तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. तथापि नव्या पिढीची भाषा हिब्रू आहे. जी भाषा पूर्वजांना अवगत नव्हती म्हणून त्यांच्यावर शंका घेतली गेली, ती आता घरची झाली, आणि जिच्यात त्यांनी मुलांच्या प्रश्नांची उत्तरे दिली ती मराठी मागे पडत आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, ज्यू समाजांतील विधिभेद हे शुद्धाशुद्धतेचे मोजमाप नसून कोणाला कोणी, कोणत्या भाषेत व कोणत्या पुस्तकातून शिकविले याची ती नोंद आहे. दुसरा, बेने इस्रायलांच्या विधीत कृतीने जपलेला जुना कोकणी थर, कोचीन-बगदादमार्गे आलेला सेफार्दी थर आणि एकोणिसाव्या शतकात घडलेला मराठी वाङ्मयीन थर असे तीन थर स्पष्ट दिसतात. त्यांतील एकालाच अस्सल ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. तिसरा, हग्गादा, राजपूरकरांचे अनुवाद आणि ज्यू कीर्तने ही मराठी वाङ्मयाची मिळकत आहे. ती समाजशास्त्र किंवा ज्यू अभ्यास या खात्यांकडे सोपवून मराठी विभागांनी मोकळे होऊ नये.

चौथी बाब निष्कर्षापेक्षा विनंतीच्या स्वरूपाची आहे. पुण्यात छापलेली हग्गादा एम.ए.च्या अनुवादाभ्यासात आणि नारदीय कीर्तनाच्या अभ्यासात योसेफाचे आख्यान समाविष्ट करणे कठीण नाही. कीर्तने जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. ध्वनिमुद्रण व संहिता-संकलनाचे काम लघुसंशोधन प्रकल्प म्हणूनही हाती घेता येईल. असे झाले तर पुढच्या वेळी वर्गात कोणी “ज्यू लोकांचं मराठीत काहीच नाही का?” असे विचारील, तेव्हा प्राध्यापकाला निरुत्तर व्हावे लागणार नाही. हग्गादेची रचनाच मुलाच्या प्रश्नावर उभी आहे. उत्तर देणे हे त्या रात्री वडीलधाऱ्यांचे कर्तव्य असते, आणि वर्गात ते आपले आहे.